आधी पत्रेदादा

“शाळा कुठे आहे हो इथे?” हातातली जड बॅग सावरत तिनं मान वर करून विचारलं.

छपरावर पत्रा ठोकणाऱ्या तरुणानं हातोडी थांबवली. “माझ्या पायाखाली.”

“आणि शाळेच्या डोक्यावर बसायची परवानगी कुणी दिली तुम्हाला?”

“गळणाऱ्या पत्र्यानं.” तो हसला... आणि दातांची डॉक्टर असूनही तिचं लक्ष आधी त्याच्या डोळ्यांकडे गेलं. तिला स्वतःचाच राग आला.

मुलांचे दात फुकट तपासायला ती आली होती, तीही या एकाच रविवारपुरती. पण आत पाऊल टाकलं आणि ती बघतच राहिली. एकही खिडकी दुसरीसारखी नव्हती! एक निळी, एक गजांची, एक इतकी बुटकी की वाकूनच बाहेर बघावं.

“वस्तीत ज्याच्या घराला दोन खिडक्या होत्या, त्यानं एक शाळेला दिली,” मागून उतरून आलेला तो म्हणाला.

“मग त्या घरात?”

“भिंत घातली. उजेड इथे जास्त लागतो ना.”

ओल्या मातीचा वास घेऊन वारा त्या सगळ्या खिडक्यांतून एकदम आत आला, आणि तिच्या अंगावर काटा उभा राहिला.

सलूनवाल्यानं दान दिलेल्या जुन्या खुर्चीत एकेक मूल बसू लागलं. शिकवणारेही वस्तीतलेच, बिनपगारी. निवृत्त पोस्टमन गणिताचे पाढे थांबवून रांग सांभाळत होते. सगळं सुरळीत चाललं होतं, तोच गाल टम्म सुजलेली एक चिमुरडी पुढे आली. दाढ पुरती किडली होती, आत पू झालेला. आज काढली नाही, तर विष पसरायला वेळ लागणार नव्हता.

चिमुरडीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग बोटांच्या फटीतून म्हणाली, “आधी मोठ्यांनी!”

“आमची रीतच आहे, डॉक्टर,” शाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या. “मुलांना करायला लावायचं ते आधी आमच्यातल्या एकानं त्यांच्यासमोर करायचं. शाळा काढली तेव्हा अ-आ-इ-ईसुद्धा आम्हीच आधी गिरवलं.”

“पत्रेदादाची दाढ दुखते! एकाच बाजूनं जेवतो तो!” चिमुरडीनं चहाडी केली.

छपरावर बिनधास्त नाचणाऱ्या पत्रेदादाच्या तोंडचं पाणी पळालं.

“सुई... मोठी असते का हो?”

“छपरापेक्षा लहान.”

“छपराची भीती कुणाला वाटते?”

तो आता काहीतरी निमित्त काढून सटकणार, असं तिला वाटलं. त्यानं दाराकडे पाहिलंही. मग चिमुरडीच्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं... आणि मुकाट्यानं खुर्चीत जाऊन बसला.

त्याची दाढ खरंच कामातून गेली होती. तिनं भूल दिली, हिरडी सुन्न होईपर्यंत थांबली, मग चिमटा घेतला. त्याचे हात खुर्चीला घट्ट चिकटले होते, कपाळ घामानं डबडबलं होतं, पण तोंडातून हूं की चूं नाही. धीट पेशंट तिनं खूप पाहिले होते. इतका घाबरलेला आणि तरीही जागचा न हललेला माणूस ती पहिल्यांदाच बघत होती. तिचं मन भरून आलं.

दाढ निघाली. गालात कापूस घेऊन तो उठला, तर चिमुरडी आपली आपणच खुर्चीत चढून बसलेली. आ वासून!

दुपार कलली. मुलीचीही दाढ निघाली होती. तिची सूज उतरणीला लागेल, याची खात्री करून ती बॅग आवरू लागली. तो दाराशी घुटमळत होता.

“एक विचारू?” तीच म्हणाली. “दाढ काढताना सगळे डोळे मिटतात. तुम्ही उघडेच ठेवलेत.”

त्याचे कान लाल झाले. ओठ अजून धड हलत नव्हते.

“बसलो पोरीसाठी,” तो सावकाश, एकेक शब्द सांभाळत म्हणाला. “डोळे... तुमच्यासाठी उघडे ठेवले. परत दिसाल की नाही, कुणास ठाऊक.”

बाहेर पावसाची भुरभुर सुरू झाली होती. तिच्या छातीत एवढी धडधड कुठल्याच परीक्षेत झाली नव्हती.

“पुढच्या रविवारी येते,” ती म्हणाली.

“शाळेसाठी?”

“शाळेसाठी तर येईनच.” तिनं हलकेच त्याचा हात हातात घेतला. “पण तुम्ही नसलात, तर मला करमायचं नाही.”