विहिरीला सांगितलेलं नाव

शकुबाईच्या भाकरीवर तीन बोटं पूर्ण उमटायची आणि चौथं अर्धंच. कडबा कापताना तिच्या मधल्या बोटाचं टोक गेलं होतं. डबा उघडला की देवीदास लहानपणापासून आधी तो आखूड ठसा पाहायचा, मगच पहिला घास मोडायचा.

चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरातल्या त्या सकाळी बोरगावच्या घरी आईनं डबा बांधून हातात दिला, तेव्हा तो नवा शर्ट पँटीत खोचत होता. सौसरच्या अलीकडे, नदीकाठच्या संत्रा संशोधन केंद्रात तो शास्त्रज्ञ म्हणून रुजू होणार होता.

"तिथल्या विहिरीचं पानी काढा लागते ना तुले?" शकुबाईनं विचारलं. "मालगुजाराच्या जमान्यात आमाले कठड्याले हात लावू देत नव्हते. आज तू काढजो. मी तोडणीवर तिथंच हावो. लांबूनच पाहीन."

आज नको येऊ, हे त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तो डबा घेऊन निघाला.

केंद्राची एक जुनी रीत होती. नवा माणूस साहेब असो की माळी, त्यानं स्वतः बादली ओढून पाणी प्यायचं आणि विहिरीत वाकून नाव, गाव अन् आईचं नाव सांगायचं. मोठे साहेब रघुनाथराव याला पोरखेळ म्हणायचे, पण मोडायला धजावत नव्हते. देवीदासलाही हसू आलं. मातीतला चुना मोजणारा माणूस तो, त्याचं विहिरीशी काय बोलणं व्हायचं?

आधी त्याच दिवशी रुजू होणाऱ्या मनोहरची पाळी आली. "मनोहर. पांढुर्णा. विजयमाला," तो म्हणाला, आणि विहिरीनं तिन्ही शब्द जसेच्या तसे परत दिले. त्याची आई रेशमी पातळ नेसून खुर्चीवर बसली होती. रघुनाथरावांनी तिला हात जोडले. कठड्यापलीकडे तोडणीच्या बाया टोपल्या घेऊन थांबल्या होत्या. त्यांत शकुबाई होती. डोक्यावर चुंबळ, पदर कमरेला खोचलेला, तोंडभर हसू.

"तुमच्या मातोश्री नाही आल्या?" रघुनाथरावांनी विचारलं.

देवीदासला त्या चुंबळीची लाज वाटली. त्यानं बादली ओढली. पाणी गार आणि गोड होतं. तो वाकला.

"देवीदास. नागपूर." बोरगाव गिळून त्यानं शिकला त्या शहराचं नाव सांगितलं. आणि मग, "आई नाही."

विहिरीनं देवीदास परत दिलं. नागपूर परत दिलं. तिसरं ठेवून घेतलं.

टाळ्या वाजल्या. त्यानं मान वर केली तेव्हा बाया बागेकडे वळल्या होत्या, नुसत्या पाठी दिसत होत्या. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी डबा उघडायचं तोंडच नव्हतं त्याला. डबा तसाच काखोटीला मारून तो बागेत गेला. सगळ्यांसमोर तिच्या पाया पडायचं, असं त्यानं ठरवलं होतं. बायांची पुढारीण मंगला फळं कातरत होती.

"शकुबाई कुठं आहे?"

"कोन शकुबाई, साहेब?"

"बोरगावची. मधलं बोट अर्धं हाये ना, ते." त्याची बोली आपोआप घरची झाली.

"बोरगावची त मीच हावो. अशी कोनी नाही आमच्यात."

रागावून घरी गेली असेल, बायांना तसं सांगून ठेवलं असेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली आणि सायकल काढली.

घराला कुलूप होतं. किल्ली त्याच्याच खिशात निघाली. आत बुद्धाच्या तसबिरीखाली एक ताट आणि एक वाटी होती. दोरीवर त्याचा टॉवेल होता, लुगडं नव्हतं. परातीतलं पीठ मात्र अजून ओलं होतं.

शेजारच्या चंद्रकला मावशी ओट्यावर तूर पाखडत होत्या.

"मावशी, माय आली का?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. "पहिला दिवस होता ना तुहा, म्हणून आठवली असंन," त्या हळूच म्हणाल्या. "बाळंतपणातच गेली बाप्पा ते. तू त तिले पायलंही नाही."

"सकाळी डबा देल्ला तिनं मले."

मावशींनी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

ऊन असतानाच तो विहिरीवर परतला. तिथं कोणी नव्हतं. कठड्याला पोट टेकवून तो आत वाकला.

"देवीदास," तो म्हणाला. "बोरगाव. शकुबाई."

देवीदास परत आलं. बोरगाव परत आलं.

तो थांबला. पुन्हा म्हणाला. घसा बसेपर्यंत म्हणत राहिला.

मग त्याला डबा आठवला.

तिथंच बसून त्यानं झाकण काढलं. भाकरी अजून ऊन होती. ठसे होते. चार. चारही पूर्ण.

त्यानं त्यांवर आपली बोटं टेकवली. ती नेमकी बसली, आणि त्याच्याच नखांत पीठ होतं.