पाठीवरची कणीक

ही गोष्ट खरी आहे, आणि रात्रीची नाही. रात्री माणसाला चिंचेचं झाड दिसलं तरी हडळ वाटते. हे घडलं भर उन्हात, मांडवभर माणसांसमोर, शहापूर तालुक्यात उंबरमाळीच्या अलीकडच्या एका पाड्यावर. गेल्या पौषात. मुरबाडजवळच्या म्हसा गावची जत्रा नुकतीच उठली होती.

जेवत असाल तर आधी जेवून घ्या. मग ओकारी आली तर मला बोल लावू नका.

शेखर मास्तर माझे सख्खे मामा. मुरबाडला एसटी स्टँडमागे त्यांची मालीशची शिकवणी होती. शेक देणं, नस सोडवणं, सांधे मोकळे करणं, सगळं शिकवायचे. त्यांच्या हाताखालून गेलेल्या पोरी आज कल्याणच्या आयुर्वेदिक सेंटरांत कामाला आहेत. पण मामांचा जीव खरा अडकलेला पखवाजात. शिकवणीत दिवसभर भजनं लावलेली असायची, आणि पाठ थोपटायलाही ते बोलांवरच शिकवायचे.

"धा धा दिं ता, किट धा दिं ता. पाठ म्हंजे पखवाजच गो. कान ठेवून हात टाका."

त्यांचे दोन नियम होते. दुखण्यावर एकदा हात घातला की ते निघेपर्यंत सोडायचं नाही. "दुखणं झोपलेलं परवडलं, अर्धवट उठवलेलं नाय," म्हणायचे. दुसरा नियम पिठाचा. मालीश झाली की कणकेचा गोळा अंगावर फिरवायचा, तान्ह्या बाळाची लव काढतात तसा. तेल, घाम, मळ, केस, सगळं त्या गोळ्यात येतं. काळा, बुळबुळीत होतो तो. तो वाहत्या पाण्यातच सोडायचा.

भूमिका नावाच्या एका विद्यार्थिनीने विचारलं होतं, "मास्तर, कुत्र्याला घातला तं?"

"कुत्र्यानं तुझं काय वाईट केलंय गो?"

सगळ्या पोरी हसल्या होत्या.

हे दोन्ही नियम मामांनी एकाच दुपारी मोडले.

वाल्मिक गोजर म्हणून एक शेतकरी त्यांच्याकडे यायचा. भाताचे भारे वाहून वाहून डाव्या खांद्याखाली गाठ आली होती, आवळ्याएवढी. ठणक अशी की बिचारा बसून झोपायचा. दर खेपेला एकच मागणं, "मास्तर, तेवढी गाठ काढा." मामा म्हणायचे, "काढतो रे. आधी पाठ ढिली होऊ दे."

त्या दुपारी पाठ ढिली झाली. अंगठ्याखाली गाठ पहिल्यांदाच हलली.

"हां... तिथंच," वाल्मिक पालथा पडूनच म्हणाला. "सरकली, मास्तर. आता सोडू नका."

तेवढ्यात बाहेर जीपचा हॉर्न वाजला. भजनी मंडळ सत्यनारायणाच्या पूजेला निघालं होतं. मास्तरांशिवाय पखवाज कोण वाजवणार?

मामांनी सोडलं.

"उद्या ये. उद्या काढतोच," म्हणाले. घाईघाईत त्याच्या पाठीवर गोळा फिरवला, पिशवीत कोंबला आणि पखवाज उचलून निघाले. काळू नदीच्या पुलावरून गोळा टाकायचा होता. पण जीपमध्ये भजन रंगलं. मामा मांडीवर ठेका धरून बसले आणि पूल कधी मागे पडला ते कळलंच नाही.

पाड्यावर मांडव भरलेला. मामांनी पखवाज मांडला, कणकेचा डबा उघडला...

डबा रिकामा.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. पखवाजाच्या डाव्या तोंडाला धुम म्हणतात. त्यावर ओली कणीक थापल्याशिवाय तो घुमत नाही, आणि वाजवून झालं की ती खरवडून काढतात. यजमानीण धावत पीठ घेऊन आली, पण तांदळाचं. तिथे घरोघरी तांदळाची भाकरी, गहू कोण दळून ठेवणार? तांदळाचं पीठ काही धुमाला धरेना. बुवा खोळंबले. लोक वळून वळून बघायला लागले.

पिशवीत गोळा होता. गव्हाचा.

मामांनी तोच थापला.

मला लिहितानाही शिसारी येते. दुसऱ्याच्या अंगाचा मळ, आणि समोर देव मांडलेला! मी त्यांना तोंडावर विचारलं, "मामा, इतके कसे घाणेरडे झालात तुम्ही?" ते खाली बघत म्हणाले, "वाजवायची हाव गो. दुसरं काय."

पहिली थाप पडली आणि पखवाज असा घुमला की बुवांनी मान वळवली. "मास्तर, आज पखवाज बोलतोय!"

मामा खुलले. हाताला जोर चढला.

मग डाव्या तळहाताला काहीतरी जाणवलं...

धुम कोमट होता.

कणीक वाजवता वाजवता सुकते. ही उलट पाझरत होती. तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. लसूण-ओव्याच्या तेलाचा वास, आणि त्याखाली आंबट घाम. शेजारचा टाळकरी नाकाला रुमाल लावून लांब सरकला.  पण गजर टिपेला पोचला होता, मामांचा हात थांबेना.

आणि प्रत्येक थापेमागून एक आवाज यायला लागला...

घुमल्याचा नाही. कण्हल्याचा.

पुढची थाप टणक जागेवर पडली. कणकेखाली काहीतरी होतं. आवळ्याएवढं. हाताखाली ते... सरकलं.

मामांनी पखवाज ढकलून दिला आणि मांडवाबाहेर जाऊन भडाभडा ओकले. लोक म्हणाले, ऊन लागलं.

नंतर झाडाखाली बसून त्यांनी चमच्याने कणीक खरवडली. ती सलग निघाली, सोललेल्या कातडीसारखी, आणि पांढऱ्या केसांचे झुबके ओढत. केस बोटांना गुंडाळत होते. टणक असं मात्र त्यात काहीच नव्हतं. एक कुत्रं वास घेत आलं. हुंगलं. शेपूट पायांत घालून मागच्या मागे पळालं.

परतताना मामांनी ती कणीक पुलावरून टाकली. घरी राखेने हात घासले. वास गेला नाही.

दुसऱ्या दिवशी वाल्मिक आला नाही. त्याच्या गावाहून निरोप आला, वाल्मिक वारला. मामा तसेच त्याच्या घरी गेले. त्याची बायको हौसाबाई भिंतीला टेकून बसली होती.

"तुमच्याकडनं आले नि पालथेच पडले," ती म्हणाली. "म्हनत होते, मास्तर अजून हात टाकतायत, बरं वाटतंय. मंग वरडायला लागले. हळू मास्तर, हळू. घरात दुसरं कोनी नाय, मी एकटीच. दिवस बुडायच्या आत गेले."

मामा उंबऱ्यातच बसले.

"आंघोळ घालताना बगितलं, तं साऱ्या पाठीवर पंज्याचे वळ. एकाच हाताचे. डाव्या." तिने डोळे पुसले. "पन तुमचे उपकार, मास्तर. पाठीवर हात फिरवला तं सपाट. गाठ गेली होती."

तिने मामांना हात जोडले. मामांनी आपला डावा हात पाठीमागे लपवला.

शिकवणी बंद झाली. मामा आता चमच्याने जेवतात. स्वतःचा हात तोंडाजवळ आला की त्यांना उमासे येतात. पखवाज वाजवत नाहीत. दुपारी तो मांडीवर घेतात, धुमाला कोमट तेल लावतात आणि अंगठ्याने दाबत बसतात. कातडं कुजायला लागलंय. घरभर घाण मारते. मामी माहेरी निघून गेली.

मी म्हटलं, "मामा, जाळून टाका ते."

"त्याला शब्द दिलाय गो. गाठ काढल्याबगर कसा जाळू?"

गेल्या रविवारी मी गेले तर त्यांचा अंगठा टम्म सुजलेला. "जरा तू दाब," म्हणाले. "माझ्यात जोर नाय उरला." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. किळस गिळून मी दोन बोटं ठेवली. कातडं कोमट. चिकट. खाली काहीतरी टणक...

पखवाज आतून पोकळ असतो. आत काही नसतं.

मी दाबलं. ते सरकलं.

"हां... तिथंच."

मामांचे ओठ मिटलेले होते.

"आता सोडू नका."

मी हात काढून घेतला आणि चपलाही न घालता स्टँडपर्यंत धावले. मामांनी सोडलं, तसंच मीही सोडलं.

आज सकाळी पोळ्यांसाठी कणीक मळायला घेतली. नळाचं थंड पाणी घातलं होतं, तरी गोळा हाताला कोमट लागला. मळता मळता आत काहीतरी टणक आलं...

दाबून बघायची माझी हिंमत झालेली नाही. परात झाकून ओट्यावर ठेवली आहे. मुलं शाळेतून यायची वेळ झाली, आणि त्यांना भूक लागलेली असेल.