तुसाची शाई

कुरखेड्याच्या बसथांब्यासमोर करुणा नैतामचं झेरॉक्सचं दुकान होतं. आधारकार्डाच्या प्रतींबरोबर आता तिथे सूक्ष्मदर्शकातल्या चित्रांच्याही प्रती निघत. ही किमया तुसाच्या शाईची. भाताच्या तुसाच्या राखेपासून बनलेली ही शाई बाटलीत पाण्यासारखी दिसे, कारण तिच्यात रंगद्रव्यच नव्हतं. कागदावर तिचे कण किती अंतराने बसतात त्यावर रंग ठरे, मोरपिसात ठरतो तसा. त्यामुळे पेशीची कडसुद्धा रेखीव उमटे आणि एका प्रतीला कपभर चहाइतकाच खर्च येई. शाळा डासाचे पंख छापून नेत, आरोग्य केंद्रं रोगजंतूंचे तक्ते.

त्या सोमवारी दुपारी देवाजी कोवे आले. तीन वर्षांपूर्वी त्यांची अकरा वर्षांची चैताली तापाने गेली होती.

"हा मोठा करून द्या जी," त्यांनी मोबाईल पुढे केला. "चैतूच्या रक्ताचा फोटो आहे, नर्सबाईंनी काढलेला. बाकीच्या फोटोंत ती बाहेरून दिसते. हा आतला आहे."

करुणाने मोबाईल हातात घेतला. हे चित्र तिने पाहिलं होतं. त्या आठवड्यात नेटवर्क बंद होतं, तपासणीच्या पट्ट्याही संपल्या होत्या. नर्सबाईंना रक्तातलं काही ओळखता येत नव्हतं. त्यांनी फोटो करुणाकडून छापून घेतला आणि कागद बसने जिल्ह्याच्या डॉक्टरांकडे पाठवला. साधा ताप आहे, असा निरोप आला होता.

यंत्रातून कागद सावकाश बाहेर आला. तांबड्या पेशी, एकेक सुटी. त्यांतल्या पाच-सहा पेशींच्या आत बारीक जांभळी कडी, प्रत्येक कड्यावर एक ठिपका. असाच तक्ता तिने गेल्या महिन्यात दोनशे वेळा छापला होता.

"ह्या अंगठ्या कसल्या?" देवाजींनी विचारलं.

छपाईतला दोष आहे म्हटलं असतं, तर मान डोलावून ते निघून गेले असते.

"हिवताप, दादा. मेंदूत चढणारा," करुणा म्हणाली. "औषध होतं त्याला. केंद्रातच होतं."

"मग तेव्हाच्या कागदावर?"

"नव्हत्या उमटल्या. तेव्हा ही तुसाची शाई नव्हती. तो कागद मीच काढला होता. नुसते गुलाबी डाग आलेत, हे दिसत होतं मला. बस सुटत होती, म्हणून दिला तसाच."

देवाजी बाकावर बसले. करुणाने पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं नाही. रडले नाहीत, रागावलेही नाहीत. एकेका कड्यावरून बोट फिरवत राहिले. बाहेर दोन बसगाड्या येऊन गेल्या. मग कागदाची गुंडाळी करून ते उठले आणि पायरीवर थांबले.

"त्या महिन्यात गावातली आणखी दोन लेकरं गेली. त्यांच्या आयांनी देवाची मर्जी म्हणून कशीबशी मनाची समजूत घातलीय," ते म्हणाले. "त्यांचेही फोटो आहेत नर्सबाईंकडे. छापायचे का, ताई?"