गेटलगतचं शौचालय

कुलूप शाबूत होतं, आतले सगळे नळ मात्र गायब. फरशीभर माशांची मोठाली खवलं विखुरलेली.

१९९६ सालची गोष्ट. करावे गावाला खेटून ही सोसायटी उभी राहिली, तेव्हा परवानगीतच अट होती. गेटलगत मासळी विकणाऱ्या गावच्या बायांसाठी शौचालय बांधायचं आणि ते चालू ठेवायचं. आणि आज त्याची ही दशा!

"चोर समोरच बसलीय," सोसायटीच्या सेक्रेटरी राजलक्ष्मीबाई म्हणाल्या. "आता वर कळवून हे कायमचं बंदच करूया."

फौजदार उदयसिंह त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. दोघं मूळचे साताऱ्याकडचे. अक्काचा शब्द त्याने डोळे झाकून खरा मानला होता. मासळीवाल्या धोंडूबाईला त्याने सकाळपासून भिंतीशी बसवून ठेवलं होतं. चोरी तिच्यावर शाबित झाली, तर गेटवरची तिची जागा जाणार होती.

"किल्ली कोणाकडे असते?" त्याने दरडावलं.

"एक माझेकरं, एक या बाईंकरं."

"नळ कुठे विकलेस?"

"मी नाय नेलं, सायेब. पाटी बघा ना!"

पाटीत चिंबोऱ्या खेकड्याच्या नांग्या उगारत वळवळत होत्या, शेजारी कोळंबी.

"रोज हेच विकतेस?"

"वरीस झाला, दुसरा काय आनलाच नाय."

जमलेल्या बायकांनी माना डोलावल्या. त्या रोजच्या गिऱ्हाईक होत्या.

उदयसिंह पाटीवर वाकला. मग बहिणीकडे वळला.

"अक्का, चिंबोरीला खवलं नसतात. कोळंबीलाही नसतात. हिच्यावर आळ यावा म्हणून ती बाहेरून आणून टाकलीत. टाकणाऱ्याने हिच्या पाटीत कधी डोकावलेलंच नाही. आपल्या घरात मासळी शिजत नाही. मासळीवाली म्हटली की खवलं, एवढंच तुला ठाऊक. कुलूप फोडलेलं नाही, आणि दुसरी किल्ली तुझ्याकडे."

राजलक्ष्मीबाईंचा चेहरा खर्रकन उतरला.

"आरं, दारातच संडास बघून येणारे पाव्हणे नाक मुरडत्यात... नळ माळ्यावर हायेत."

उदयसिंहाला मान वर करवेना. अंगावर वर्दी घालून आपण बहिणीच्या शब्दावर एका बाईला चोर ठरवलं, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने हात जोडले.

"मावशी, चुकलं माझं. काय करू, सांगा."

धोंडूबाई ओठ आवळून म्हणाली, "पहाटं घर सोरलंय, सायेब. तवापासून दाबून बसलंय. आता जाऊ कुठं?"

राजलक्ष्मीबाईंनी कमरेची घरची किल्ली काढली. वर न बघताच त्या पुटपुटल्या, "माझ्या घरी चला."