तीन लग्नं जमवलेला दिलरुबा

“करवत जरा हळू चालवा. लाकूड चिरेल.”

सांगलीतल्या एका वाद्यांच्या दुकानात, ओळख ना पाळख, एक तरुण मला हे म्हणाला. तेही माझ्याकडे पाठ करून! कुठल्याशा तंबोऱ्याची खुंटी घासत बसला होता, आणि मान वळवायचीही तसदी त्याने घेतली नाही. मी दिलरुबा खाली ठेवला. तो वाजवायचा गज मात्र हातातच ठेवला, वेळेला उपयोगी पडला असता.

“तुम्हाला वाजवता येतं का?” मी विचारलं.

“नाही.”

“मग बोलता कसे?”

“ऐकता येतं ना,” असं म्हणून तो वळला. चेहरा गंभीर, पण डोळे हसत होते. हसणाऱ्या डोळ्यांचा मला इतका राग त्याआधी कधी आला नव्हता.

मी काही हौसेने तिथे गेले नव्हते. आदल्याच दिवशी आई मला घेऊन साताऱ्याहून सांगलीला मामांकडे आली होती. गाडीत कोरेगावच्या आसपास आईने अंथरुणाची वळकटी नेमकी दिलरुब्यावर टाकली. एक खुंटी मोडली आणि मुख्य तार तुटली. आणि उद्या तर मला ‘दाखवायचं’ होतं! म्हणून मामांकडच्या धोंडुबाईला सोबत देऊन आईने मला दुकानात पिटाळलं होतं. खुंटी आणि तार बदलून झाल्यावर मी गत वाजवून पाहत होते, तर हे ऐकून घ्यावं लागलं.

हा दिलरुबा मुळात माझा नव्हताच. तो घरातल्या लग्नाच्या मुलींचा. माझ्या तीन चुलत बहिणी तो मांडीवर घेऊन पाहुण्यांसमोर बसल्या, एकेक गत वाजवून पसंत झाल्या आणि सासरी गेल्या. तो मात्र दर वेळी परत येऊन माळ्यावर गेला. तीन लग्नं जमवली त्याने, पण त्यातल्या एकीलाही लग्नानंतर तो पुन्हा हातात धरायला मिळाला नाही. आमचे मास्तरही तसलेच. साताऱ्यातल्या उपवर मुलींना ते दुर्गा रागातली एकच जलद गत शिकवत. “जलद वाजवली की चुका झाकतात,” म्हणत.

“ती गत राहू द्या,” तो तरुण म्हणाला. “तुमचा पहिला धडा कुठला होता?”

“भूप. साधे आरोह-अवरोह. ते काय, लहान मुलंही वाजवतात!”

“मग वाजवा की.”

मी वाजवले. अर्ध्या मिनिटात संपवले.

“शेवटच्या ‘सा’वरून पळालात. कुठं जायची घाई आहे का?”

आता मात्र मला रडू येईल इतका राग आला. मी तोंड उघडणार, तोच तो म्हणाला, “रागावलात ना? तोंडाने नको... गजाने रागवा. सगळा राग त्या पाच स्वरांतच बसवा. एकही जास्तीचा घ्यायचा नाही.”

मी गज उचलला. या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरता ओढला. ‘सा’वर मला त्याचा राग होता, ‘रे’वर मास्तरांचा. पण ‘ग’वर बोट टेकलं आणि तिथून हलवेना. माझी धाकटी चुलतबहीण सासरी जाताना दिलरुब्यावरची खोळ नीट करून गेली होती, ते का कोण जाणे, तिथे आठवलं. मग ‘प’, मग ‘ध’... पुन्हा खाली उतरत ‘सा’वर आले आणि थांबले. गज थांबला तरी खालच्या तारा कितीतरी वेळ गुणगुणत राहिल्या. वर्षभर मी हेच स्वर वाजवत होते. त्यांत हे सगळं मावतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं!

“आवं ताईसाब, ह्ये तुमीच वाजीवलंसा व्हय?” धोंडुबाई उंबऱ्यावरून म्हणाली. “लय ग्वाड लागलं की! मगाशी तर मांजराची मान मुरगाळल्यागत वाटत हुतं बगा.”

तो हातातली खुंटी विसरून नुसता बघत राहिला. त्याने साधं ‘छान’सुद्धा म्हणू नये, याचा मला घरी पोचेपर्यंत संताप येत होता.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मान खाली घालून बाहेर आले, हळूच डोळे वर केले, तर पाहुण्यांत तोच बसलेला!

“हे आमच्या शेजारचे शरच्चंद्र,” मुलाची आई म्हणाली. “काकांच्या वाद्यांच्या दुकानात असतात. यांना कळतं, म्हणून परीक्षेला आणलंय.”

परीक्षेला! मी काय मेथीची जुडी होते, उलटीसुलटी करून बघायला?

मी दुर्गातली गत सुरू केली. थोड्याच वेळात मुलाचे वडील मांडीवर ठेका धरून म्हणाले, “आता ही वर जाणार... गेली! साताऱ्याची ही तिसरी मुलगी. तिघींची गत हीच!” सगळे खो खो हसले. आईचा चेहरा पांढरा पडला. माझे कान तापले.

“त्यांना पहिला धडा वाजवू द्या,” शरच्चंद्र म्हणाला. तो हसला नव्हता.

मी भूप वाजवला. कुणासाठीच नाही, माझ्यासाठी वाजवला. स्वयंपाकघरातली भांडीही वाजेनाशी झाली.

“छान हो!” मुलाची आई म्हणाली. “मुलगी पसंत आहे. आता ते वाद्य ठेवून दिलंत तरी चालेल. आमच्याकडे वाजवायला वेळ कुणाला?” मुलगा हसला. मान डोलावून हसला!

“मग मला मुलगा पसंत नाही,” मी म्हटलं.

पुढचं सांगत नाही. परतीच्या प्रवासात कराडला चहासुद्धा घेतला नाही आईने.

आठवड्याने अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, नावे सांगलीहून पुडकं आलं. आत एक जादा तार, गजाला लावायची राळ, आणि चिठ्ठी: ‘तार तुटायची वाट पाहू नये. चि. क्षमाचा “ग” किंचित उतरतो, तेवढं सांगावं. शरच्चंद्र.’ मी पेटले. अण्णांकडूनच पत्ता घेऊन उलट टपाली लिहिलं, ‘माझा “ग” जागेवर आहे. तुमचे कान साफ करा.’ मग रोज तासभर ‘ग’ घासला, कारण मेला उतरत होता खरा. पुढचं पत्र आलं, त्याला मी रागाने उत्तर दिलं. त्यालाही पत्र आलं. चार महिन्यांत माझं भांडण काही मिटेना... आणि पोस्टमनला उशीर झाला की माझा जेवणावरही राग निघे. मास्तरांनी विचारलं, “नवी गत घ्यायची ना?” मी म्हटलं, “अजून पहिला धडाच संपला नाही.”

चैत्रात शरच्चंद्र आपल्या काकांना घेऊन साताऱ्याला आला. कशासाठी, ते सगळ्यांना कळलं.

“कॉलेज सोडून तुरुंगात गेलेला, आणि आता खुंट्या घासतोय!” आई आत येऊन धुसफुसली.

“बेचाळीस साली चांगलीच मुलं तुरुंगात गेली,” अण्णा म्हणाले. “तिला विचार.”

मी पन्ह्याचे पेले बाहेर नेले. मग माझ्यासाठी मांडलेल्या पाटावर न बसता दिलरुबा आणून त्याच्यासमोर ठेवला.

“मुलाला वाजवता येतं का?”

काकांना पन्ह्याचा ठसका लागला. शरच्चंद्र कानापर्यंत लाल झाला.

“शिकतोय...” तो म्हणाला. “चार महिने. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की. पहिला धडाच.”

त्याने दिलरुबा खांद्याशी टेकवला आणि सुरुवात केली. काय सांगू! ‘रे’ कुठे, ‘ग’ कुठे, सगळा आनंद होता.

“करवत जरा हळू चालवा,” मी म्हटलं. “लाकूड चिरेल.”

त्याने वर पाहिलं नाही. कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले... धडपडत उतरत तो शेवटच्या ‘सा’वर आला. आणि तिथे राहिला. गज संपला, तो त्याने उलटा वळवून पुन्हा ओढला. तो एवढा एकच स्वर त्याला साधला होता, पण असा, की पदराशी चाळा करणारे माझे हात थांबले.

“कुठं जायची घाई नाही वाटतं?” मी हळूच विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. आता डोळे हसत नव्हते. “तुम्ही थांबा म्हणालात, तर... कुठंच नाही.”

इतक्या बेसूर माणसाने माझ्या डोळ्यांत पाणी आणावं, याचा मला आजही राग आहे.

“काय गं?” दाराआडून आईने विचारलं.

“मुलगा पसंत आहे,” मी म्हटलं. “पण या वेळी दिलरुबा परत यायचा नाही. तो माझ्याबरोबर येईल.”