पट्टी नसलेला फोटो

अशी कल्पना करा, तुमच्यासमोर टेबलावर हजारो वर्षांपूर्वीच्या एका रांजणाचे एकशे बारा तुकडे पसरलेत. कुठला कुठे बसतो, कुणालाच ठाऊक नाही. आणि ते जुळवणारा माणूस वाळूचा ट्रे दोन्ही हातांत सांभाळत बंद दारापुढे अडकलाय. वाळूत नुकतेच चिकटवलेले दोन तुकडे, डिंक सुकेपर्यंत उभे रोवलेले.

"अहो, दार उघडता का? नाहीतर नाकानं ढकलतो."

दार उघडणारी त्याच दिवशी संग्रहालयात रुजू झाली होती. तुकड्यांचे फोटो कॉम्प्युटरला देऊन कुठला कशाशी जुळतो ते शोधायचं, हे तिचं काम.

"म्हणजे माझ्या पोटावर पाय!" तो हसला. सगळे त्याला डिंक्या म्हणायचे.

"पाय कसला... हातभार," ती पुटपुटली, आणि उगीचच कानापर्यंत लाल झाली.

दुपारी त्याची सात वर्षांची भाची शाळेतून थेट तिथंच यायची. मग तिघांचा फोटोंचा कारखाना सुरू. तुकडा ठेवायचा, शेजारी काळी-पांढरी मोजपट्टी, आणि क्लिक! पट्टी ठेवायचा मान भाचीचा. पट्टी नसेल, तर कॉम्प्युटरला कसं कळणार, तुकडा नखाएवढा की ताटाएवढा?

एका दुपारी भाचीला ताप होता. रांजणाच्या काठाचे तुकडे हिनं एकटीनंच टिपले. समोर तो मान वाकवून, गाल फुगवून एका खापरावरची धूळ फुंकत होता. कपाळावर आलेली बट... आणि हिची पट्टी राहिली ती राहिलीच. संध्याकाळी लक्षात आलं, तेव्हा परत ट्रे मागायची लाज वाटली. तिनं अंदाजानं माप भरून टाकलं.

आठवड्यानं कॉम्प्युटर म्हणाला, हा काठ या रांजणाचा नाहीच.

"बोटाला तर बरोबर लागतंय," डिंक्या जोडावरून बोट फिरवत म्हणाला.

"बोट चुकतं हो. आकडे नाही," ती संग्रहालयाच्या मोठ्या बाईंदेखत म्हणाली.

तीन महिने खपून जोडलेला काठ त्यानं मुकाट्यानं सोडवला. सोडवताना काठाच्या एका तुकड्याचा भुगा झाला.

"चूक माझी, बाई," तो म्हणाला. "डिंक जुना होता."

दुसऱ्या दिवशी भाची बरी होऊन आली, पडद्यावरचे फोटो बघू लागली. "मावशी, यांत पट्टी कुठंय गं?"

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं हिला झालं. पोरगी उत्तराची वाट बघत होती. खोटं बोलायला एवढंसं वाक्य पुरलं असतं. पण त्या डोळ्यांपुढे ते तोंडातून फुटेना.

ती उठली आणि थेट बाईंच्या खोलीत गेली. डिंक्या तिथंच उभा होता.

"चूक यांची नाही. माझी. मी पट्टी ठेवली नव्हती... आणि माप मनानंच घातलं."

"का राहिली पट्टी?" बाईंनी चष्मा काढला.

"मी... दुसरीकडे बघत होते."

"कुठे?"

ती पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग डिंक्याकडे. "बरं. सगळे फोटो पुन्हा काढायचे. अहवालात चूक तुझ्याच हातानं लिही," एवढंच म्हणाल्या.

टेबलापाशी परत येऊन त्यानं काठाचा भुगा कागदावर गोळा केला.

"तो तुकडा आता कुठून आणायचा?" तो म्हणाला. "रागावलोय मी."

"रागवा ना. मला तोंड दाखवायची सोय नाही."

"पण... डिंक जुना नव्हता. बोट ओरडून सांगत होतं, काठ याचाच आहे म्हणून. तरी तुमचंच ऐकलं. का ऐकलं, ते बाईंपुढे सांगण्यासारखं नव्हतं."

"मग मला सांगा."

"तू मघाशी बाईंना सांगितलं नाहीस... तेच."

ती मान वर करेना. डोळे भरले होते, ओठांच्या कोपऱ्यात मात्र हसू. तिनं नुसताच हात टेबलावर ठेवला. त्यानं आपला, डिंकानं माखलेला, अगदी शेजारी ठेवला. मधे जेमतेम बोटभर जागा.

भाचीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग खुर्चीवर चढली, त्या दोन हातांशेजारी काळी-पांढरी पट्टी नीट सरळ ठेवली, आणि कॅमेरा उचलला.