पिंपातला घुमारा

सकाळपासून मोटार द्राक्षमळ्यांतून चालली होती. उतारावर वेलींच्या रांगा, टेकडीची वेणीफणी करून ठेवल्यासारख्या. मागच्या सीटवर अण्णा खिडकीला टेकून बसले होते, डावा हात शालीखाली. मागच्या वर्षी झटका येऊन गेला. जीभ सावरली, पाय सावरला. हात तेवढा रुसला. उभा जन्म डग्ग्यावर घुमलेला हात. लेकीनं त्यांना नि आईला परदेशी आणलं ते हवापालटाला म्हणून. पण तिला ठाऊक होतं, अण्णांनी तबल्याची जोडी कपाटात ठेवायला लावली त्या दिवसापासून ते स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे वावरत होते.

दुपारी वाईनच्या तळघरात उतरताना आईनं पदर नाकाला लावला.

"जावयानं सासूला गुत्ता दाखवला. आता डोळे मिटायला मोकळी."

आत गारवा होता. ओल्या लाकडाचा, आंबूसगोड वास. दोन्ही अंगांना माणसाच्या छातीएवढी पिंपं आडवी निजलेली. तळघर सांभाळणारी बाई बोटाच्या पेरानं एकेक वाजवत पुढे चालली होती. रितं पिंप घुमतं, भरलेलं मुकं राहतं, असं ती सांगत होती नि जावई ते मराठीत करून देत होता. त्यात काय नवल, आई म्हणाली, मडकं आपणही वाजवूनच घेतो. मग सासू-जावई दोघंही पिंपं ठोकत सुटले. शेवटची रांग वाजवू नका, ती सगळी काठोकाठ भरलेली आहे, असं बाईनं हसून सांगितलं आणि सासू-जावयाला घेऊन ती पुढच्या दालनात गेली.

अण्णा थकले होते. लेकीनं त्यांना त्याच रांगेजवळ स्टुलावर बसवलं.

त्यांचा उजवा हात आपसूक पिंपावर गेला. दादरा. पण एकट्या उजव्याचा. जिथं दोन्ही हातांनी मिळून 'धा' म्हणायचं, तिथं नुसता 'ना'. कोरडा, पोरका.

"लंगडं वाजतंय गं," ते म्हणाले.

"वाजवा हो अण्णा. इथं कोण ऐकतंय?"

त्यांनी पुन्हा धरला. थोड्या वेळानं 'ना'च्या पोटात काहीतरी हललं. मग घुमलं. लाकडाच्या पलीकडून, काठोकाठ भरलेल्या पिंपातून, कुणीतरी डग्गा देत होतं. मनगट दाबून, हळूच ओढून, गोड.

लेकीनं पिंपाला कान लावला. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं.

"ऐकतेस?"

"हो."

त्यांनी लय वाढवली. आतल्यानंही वाढवली.

समेच्या तोंडाशी अण्णांनी हात रोखला. आतलाही थांबला. कुणी श्वास धरावा तशी शांतता.

शाल घसरली.

डावा हात उठला आणि उजव्याबरोबर पिंपावर पडला.

धा.

त्यानंतर पिंप मुकंच राहिलं.

तो 'धा' ऐकून आई धावत आली ती रडतच. बाहेर उन्हात, झाडाखालच्या टेबलाशी अण्णांनी दोन्ही हातांनी पाव मोडला. मग टेबल वाजवलं, ताटली वाजवली, शेवटी जावयाची पाठ. "सासऱ्यानं जावयाला बडवायचा मान आज मिळाला," असं म्हणून ते इतकं हसले, की आईनं डोळे पुसायचंही सोडून दिलं. आत जे कुणी होतं त्याला लेकीनं मनातल्या मनात हात जोडले. वर्षभर छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून नेला होता.

परतीच्या वाटेवर ऊन कलतं झालं. अण्णा घोरू लागले. लेकीनं मायेनं तो डावा हात ओंजळीत घेतला. उबदार होता. लहानपणी गालाला लागायचे ते बोटांवरचे घट्टे तिनं चाचपून पाहिले. सापडले नाहीत. नखांच्या कडा मात्र खोलवर जांभळ्या होत्या, वर्षानुवर्षं द्राक्षं पिळणाऱ्या माणसाच्या असाव्यात तशा. अण्णांनी तर दिवसभरात एका द्राक्षाला बोट लावलं नव्हतं. तिनं रुमाल ओला करून पुसून पाहिलं. डाग हलला नाही.

अण्णा घोरतच होते.

हातानं तिची बोटं अलगद सोडवली, तो काचेपाशी गेला आणि मागे पडत चाललेल्या वेलींना, निरोप द्यावा तसा, बराच वेळ हलत राहिला.